आता निम्मं कोण करणार, रशीद?

रशीद,

काल मांजरीला तात्याच्या मळ्यात दोन हजार माणसं जमली होती.

लिहिलं आणि थांबलो. पेन वर धरून चांगला अर्धा मिनिट. कुठून काही आवाज आला नाही. बरं, हजार. तरी शांतता. म्हणजे खाली उतरायचं कामही आता मलाच करायचंय तर. घे मग: बेचाळीस. त्यात तात्याची चार नातवंडं धरलीत. शेजारच्या बांधकामावरचं कुत्रं धरलेलं नाही, ते दर वर्षी येतं आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त चालून येतं.

तू जाऊन आज एकविसावा दिवस. आपल्या भटक्यांच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा, असं निखिल म्हणाला. "काका, फार ताणू नका हं. आठशे शब्द बास." मी म्हटलं, अरे, रशीद उभ्या आयुष्यात आठशे शब्द बोलला नाही, त्याच्यावर आठशे कुठून आणू? यावरही तू म्हणाला असतास, "चारशे."

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, पश्चात कोण कोण, यातलं काही मी लिहिणार नाही. ज्यांना ते माहीत हवं त्यांना माहीत आहे. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. एकच. आणि जिचं उत्तर फक्त तूच देऊ शकत होतास ती विचारायच्या आधी तू उठून गेलास, त्यामुळे माझा जरा गोंधळ उडालाय. जरा म्हणजे भयंकर. हे मात्र निम्मं करू नकोस.

तुला काय सांगायचं म्हणा, पण वाचणाऱ्यांतले काही नवे असतील, त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही मंडळी डोंगराच्या धारेनं आठ-आठ दहा-दहा दिवस चालणारी. एरवी पुण्यात कुणी कुठे, कुणी कुठे. थंडीत एकदा एक शनिवार-रविवार मांजरीला तात्याच्या मळ्यात भेटायचं, त्याला आम्ही 'शिदोरी' म्हणतो. शनिवारी संध्याकाळी यायचं, रविवारी दुपारी जेवून निघायचं. नियम दोनच. घरापासून चालत यायचं, वाटेत चाकाला शिवायचं नाही. आणि खायचं ते पाठीवर वाहून आणलेलंच. तात्या तर यजमान, पण तोसुद्धा आपली भाकरी पाठीवर बांधून उसाच्या कडेनं मळ्याला दोन फेऱ्या मारतो आणि मग स्वतःच्याच अंगणात पाहुण्यासारखा शिरतो. "आलो बाबा एकदाचा," म्हणतो आणि स्वतःच्याच बायकोकडे पाणी मागतो.

तू विश्रांतवाडीहून यायचास. येरवडा, मुंढव्याचा पूल, केशवनगर, मांजरी. पंधरा किलोमीटर. मी हडपसरचा, मला पाच. सगळ्यात जवळचा मी आणि सगळ्यात लांबलचक प्रवासवर्णन माझं. एका वर्षी मी सांगितलं, गाडीतळाचा चौक ओलांडताना माझे दोन सोबती वाहून गेले, ते थेट सोलापूरला सापडले. तू पिशवीतून रोट काढत म्हणालास, "एक. आणि लोणी काळभोरला."

त्यावर तात्याचा ऊससुद्धा हसला होता.

तुझे ते रोट! रवा, तूप, गूळ, वर खसखस. घरी मळून, परातीत थापून, कोपऱ्यावरच्या बेकरीत भट्टीला लावून आणायचास. दहा दिवस टिकायचे. डोंगरात एक रोट आणि वर पाणी प्यालं की माणूस दुपारपर्यंत भुकेचं नाव काढायचा नाही. आणि वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस तू, त्यामुळे तुझे सगळे रोट एका वजनाचे. मी एकदा तुझ्याच दुकानात दोन रोट दोन पारड्यांत ठेवून बघितले. काटा हलला नाही. बाहेर येऊन मी लोकांना सांगितलं की काटा लाजला.

निम्मं कसं सुरू झालं, आठवतंय? आपण एकत्र चाललो त्या पहिल्याच फेरीनंतर मी शिदोरीत सांगत होतो, वाटेत सात फुटी नाग आडवा आला. तू मान वर न करता म्हणालास, "साडेतीन." मी म्हटलं, फणा काढून उभा. तू म्हणालास, "आडवा आला म्हणालास ना?" त्या दिवसापासून प्रथाच पडली. मी एक वाक्य टाकलं की सगळी मंडळी माना वळवून तुझ्याकडे बघणार, आणि तू म्हणणार, निम्मं. तुझा घास तोंडात असेल तर तात्या ओरडायचा, "रशीदभाय, काटा लावा की! ह्यो माणूस सुटलाय."

आज एक गुपित फोडतो. चार-पाच वर्षांनी मी मोजूनमापून दुप्पट सांगायला लागलो. दहा किलोमीटर चाललो असेन तर वीस सांगायचो. तू निम्मं केलंस की बरोबर दहा. लोकांना वाटायचं, हा थापाड्या आणि तो सत्यवादी. अरे, आपण दोघं मिळून अगदी नेमकं बोलत होतो! फक्त तुला हे कळलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं राहिलेल्यांत हेही एक. पण हे बारकं.

मोठं आहे ते घाटाचं.

घाटाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बावीस वर्षं सांगतोय. रविवारी जेवणं झाली की फर्माईश होते. भोरच्या पलीकडून कोकणात उतरणारी एक जुनी वाट, अर्धी घळीतून, अर्धी कड्याच्या अंगावरून. आपण दोघंच. भर दुपार. तुझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तू मटकन खाली बसलास, आणि मी तुला खांद्यावर टाकून कोकणात उतरवलं. ही गोष्ट. पहिल्या वर्षी तिला एक तास लागला होता. मग तीन लागले, मग पाच. पुढे त्यात एक बिबट्या शिरला. एका वर्षी आग्या मोहोळही उठलं होतं, पण ते माझं मलाच झेपलं नाही, काढून टाकलं.

"बिबट्या हातभर अंतरावर," मी म्हणायचो.

"मांजर," तू.

"पाच तास!"

"अडीच."

"आणि हा साठ किलोचा धोंडा माझ्या खांद्यावर..."

"अठ्ठावन्न."

केवढा हशा व्हायचा. पण कोण कोणाच्या खांद्यावर होतं, त्याला बावीस वर्षांत तू एकदाही हात लावला नाहीस.

खरं काय झालं ते आपल्या दोघांना माहीत आहे. आता एकट्या मला.

कड्याच्या अंगावरची ती वाट, एक पाऊल कसंबसं मावेल एवढी. तू पुढे निघून गेलास. मी मध्यावर पोचलो आणि खाली बघितलं. तिथून पुढे पाय माझे राहिले नाहीत. मुरगळलं नाही, मोडलं नाही, चक्कर नाही, काही नाही. नुसती भीती. तोपर्यंत डझनभर नाग आणि दोन अस्वलं लोळवून बसलेला मी, दगडाला छाती चिकटवून लहान पोरासारखा रडत होतो. मला सोडून जा, असंही म्हणालो बहुतेक. तू परत आलास, खालून वर बघितलंस आणि म्हणालास, "रडायचं तर रड. पण डावा पाय दे."

आधी दोन्ही सॅक खाली पोचवल्यास. पुन्हा वर चढून आलास. माझ्या खालच्या अंगाला उभा राहिलास आणि माझा एकेक पाय हातात धरून एकेका खाचेत ठेवलास. डावा. उजवा. डावा. जिथे खाच नव्हती तिथे तू दगडावर तळहात दाबून धरलास आणि म्हणालास, "ठेव." आणि मी, बुटासकट, तुझ्या हातावर उभा राहिलो. किती वेळा, ते मला माहीत नाही. याचं मला दुप्पट करता येत नाही आणि निम्मंही करता येत नाही.

खाली पहिल्याच घरात एका म्हातारीनं पाण्याचा तांब्या दिला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, तुझ्या पंच्यात गुंडाळलेल्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं रे पोरांनो?" माझं तोंड तुझ्या आधी उघडलं. ते नेहमीच आधी उघडतं. "याला चक्कर आली, मावशी. मी धरून आणला." तू माझ्याकडे बघितलंस. मी वाट बघत होतो. तू म्हणालास, "पाणी गोड आहे तुमचं."

त्या वर्षीच्या शिदोरीत मी तेच सांगितलं. फक्त धरून आणला होता तो आता खांद्यावर आला. सांगून झालं आणि सगळ्यांनी तुझ्याकडे माना वळवल्या. माझं काळीज इतकं उडत होतं की मांजरीच्या स्टेशनावर ऐकू गेलं असेल. तू एक रोट मोडलास, अर्धा माझ्यापुढे धरलास आणि दुसरा अर्धा खायला लागलास. बास.

त्यानंतर मी तुला डिवचायला लागलो. तास वाढवले, बिबट्या आणला, ते त्यासाठीच. म्हटलं, कधीतरी चिडेल आणि म्हणेल, पुरे रे, सांग खरं काय ते. तू बिबट्याचं मांजर केलंस, पाचाचे अडीच केलेस, आणि मधलं तसंच ठेवलंस. त्यानं झालं काय? तू सगळं छाटतोस, पण हे छाटत नाहीस, म्हणजे हे अस्सल, अशी लोकांची पक्की खात्री झाली. माझ्या थापेवर तुझा शिक्का बसला.

आणि शिक्क्याबद्दल तू केवढा कडक! एक भाजीवाला आला होता, म्हणाला, थोडा माझ्या बाजूनं झुकेल असा करून द्या. तू त्याचा काटा उचलून बाहेर फुटपाथवर ठेवलास आणि भर दुपारी शटर ओढून घेतलंस. दुकानात पाटी तुझ्याच हातची: 'काटा बरोबर आहे. वजन तुमचंच वाढलं आहे.' असा माणूस माझं खोटं माप बावीस वर्षं कसं काय चालवून घेतो? दया होती? मग ती मला सांगायचीस तरी. तिरस्कार होता? मग दर वर्षी मला अर्धा रोट कशाला? की तुला ते एवढं किरकोळ वाटत होतं की लक्षातही नव्हतं?

एकदा विचारलं होतं मी. तुझ्या दुकानात, तू पारड्याची साखळी सरळ करत होतास.

"रशीद, ते घाटाचं तू कधी बोलला नाहीस."

"कुठल्या घाटाचं?"

"अरे, त्या."

तू फुंकर मारून पारडं साफ केलंस. "चहा सांग. आणि माझ्यात साखर कमी. दोन चमचे मारायला सांगतोस तू, चार पडतात."

मी चहा सांगितला. ते बोलणं तिथेच राहिलं ते राहिलंच.

आणि मग तुझा तो फोन. तू जायच्या सहा दिवस आधीचा.

"या वेळी घाटाची गोष्ट मी सांगणार."

"तू? का रे?"

"तुझा घसा बसलाय."

"माझा घसा ठणठणीत आहे!"

"मग ऐकायला ये. शमीमलाही आणतोय."

"भाभींना? त्या कधी येत नाहीत. रशीद, किती लांबवणार आहेस गोष्ट?"

"जेवढी आहे तेवढी," म्हणालास आणि ठेवलास फोन.

सहा दिवस मला अन्न गेलं नाही. बरं, तीन दिवस. आमच्या सुमननं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, पित्त. मनात एकच चित्र: मळ्यात सगळे गोल बसलेत, भाभी समोर, आणि तू तुझ्या त्या सपाट आवाजात सांगतोयस, हा रमाकांत कड्याला चिकटून रडत होता. मी तुला फोन लावायला घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. काय म्हणणार होतो? मित्रा, माझी थाप मोडू नकोस?

सातव्या दिवशी सकाळी तुझ्या आयेशाचा फोन आला. "काका, अब्बा गेले. दुकान उघडतानाच..."

आता जे लिहितोय ते मी सुमनलाही सांगितलेलं नाही. रडू यायच्या आधी माझ्या आतून एक श्वास सुटला. सुटलो, असा. त्या एका क्षणाची मी रोज काटछाट करतोय, रशीद. निम्मा करतो, त्याचा पुन्हा निम्मा करतो. संपत नाही.

तुला नेताना गर्दी होती. जनाज्याला खांदा द्यायला माणसं सारखी बदलत होती, मला मधेच जागा मिळाली. बावीस वर्षं लोकांना सांगत आलो की तुला खांद्यावर घेतलं, आणि घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. चाळीस पावलं. शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "काका, द्या आता, थकाल." मी दिला नाही. मग द्यावा लागला. तीन मुठी माती घातली आणि घरी आलो.

शिदोरीला जायचं नाही असं ठरवलं होतं. शनिवारी गेलोही नाही. काल सकाळी सुमन समोर येऊन उभी राहिली. "पाय मोडलेत का?"

"नाही."

"मग चाला."

तिनं तिखटामिठाच्या पुऱ्या बांधून पाठीवर अडकवल्या आणि दार लावून घेतलं. कमी बोलण्यात तुझ्याच पंथातली आहे ती.

मी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. तुझी जागा, चिक्कूच्या झाडाखालची, कुणी घेतली नव्हती. मळ्याच्या तिन्ही बाजूंनी आता इमारती झाल्यात, बाल्कनीतून लोक दात घासत आपल्याकडे बघतात. यांना शेतात बसून डबा खायची हौस का, असं त्यांना वाटत असणार. बारा वाजायला आले आणि मळ्याच्या वाटेवरून दोन बायका येताना दिसल्या. एकीच्या पाठीवर तुझी खाकी सॅक. आयेशा. आणि तिच्या मागे, चपला हातात घेऊन, भाभी.

विश्रांतवाडीहून. चालत. ज्या बाईला आयुष्यभर जिना चढताना दम लागला ती, आणि तेही इद्दतीचे, घराबाहेर न पडायचे दिवस चालू असताना. सकाळी सहाला निघाल्या होत्या, दर बसथांब्यावर बसत बसत आल्या.

तात्या धावला. "वैनी, आवो रिक्षानं यायचं हुतं की! तुमास्नी कोन काय बोललं असतं?"

भाभी म्हणाल्या, "नियम आहे ना? घरी फार ऐकलाय मी."

सॅकमधून रोट निघाले. तीच बेकरी, तीच खसखस. पण एक जाड, एक पातळ, एक करपलेला. सगळ्यांनी हातात घेऊन तोलून बघितले. ते वजन करून थापणारा गेलाय, हे मला कबरस्तानात नाही कळलं. तिथे कळलं.

आयेशा माझ्याजवळ येऊन बसली. तिला मी तीन वर्षांची असल्यापासून ओळखतो, आता हडपसरलाच आयटी पार्कात नोकरी करते. म्हणाली, "काका, तुम्ही तेव्हा अब्बांना घाटातून आणलं नसतं ना, तर मला ते आठवलेपण नसते. थँक्यू म्हणायचं राहिलं होतं." मी पुरीचा घास घेतला. तो अजून उतरलेला नाही.

भाभी मात्र नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "रमाभाऊ, ते म्हणाले होते, या वेळी ये, घाटाची गोष्ट नीट ऐक. ते तर नाहीत. तुम्ही सांगा."

जेवणं झाली. गोल बसले सगळे. निखिलनं मोबाईल काढला रेकॉर्ड करायला. मी उभा राहिलो आणि तोंडानं सवयीनं सुरुवात केली, "तर भर दुपारची वेळ, आणि बिबट्या हातभर..."

बेचाळीस माना वळल्या. चिक्कूच्या झाडाखाली तुझी सॅक होती, झाडाला टेकवून ठेवलेली. तिकडून मांजर आलं नाही.

रशीद, कालपासून मी पुष्कळदा विचार केलाय की मी ते कशासाठी केलं. तुझ्यासाठी, की भाभींसाठी, की आयेशाच्या त्या थँक्यूला घाबरून? माहीत नाही. मी म्हटलं, "बिबट्या नव्हता. मांजरही नव्हतं. आणि खांदाही नव्हता." आणि सांगून टाकलं. कडा, रडणं, डावा पाय, तुझे हात, म्हातारीचा तांब्या, सगळं. आणि काय वाईट सांगितलं! सॅक आधी की पाय आधी, याचाच घोळ घातला, दोनदा मागे गेलो, मधेच नाक शिंकरलं. बिनदुपटीचं बोलायची सवयच नाही ना मला.

संपलं. मग तात्यानं उपरण्यानं डोळे पुसले, हात वर केला आणि मळा दणाणेल असा ओरडला, "निम्मं!"

आणि सगळे फुटले. हसू आणि रडू एकदमच. "रमाकांत, लई मोठ्या मनाचा गडी हाय तू! दोस्तासाठी सोताला भित्रा करून घेतलंस!"

"अरे, खरं सांगतोय!"

"निम्मं!" बेचाळीस जण.

"आईशप्पथ, मी रडत होतो!"

"निम्मं! निम्मं!"

निखिल म्हणाला, "काका, बेस्ट व्हर्जन. अंकात हीच टाकू." आयेशानं तर मला मिठीच मारली. "अब्बांना हिरो करायला तुम्ही एवढं..." मी हात हलवतोय, पाय आपटतोय, आणि जेवढा ओरडतोय तेवढं लोक जास्त हसतायत. बाल्कनीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. बावीस वर्षं ठोकून दिलेलं सगळं खपलं, आणि एकदा सरळ बोललो तर माझ्याच तोंडावर तुझा शब्द मारला त्यांनी. हे वाचूनही तेच म्हणतील. तू असतास तर एका "हो"वर काम झालं असतं.

आपापलं ताट आपण घासायचं, म्हणून मी नळावर गेलो. भाभी तिथे परात धूत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरी आले तेव्हा दोन्ही तळहात सोललेले होते. आठ दिवस मी भरवत होते त्यांना."

मी ताट घासत राहिलो.

"खांद्यावरून आलेल्या माणसाचे हात सोलत नाहीत, रमाभाऊ. एवढं मला कळतं."

"मग तुम्ही त्याला विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. म्हणाले, रमाला विचार."

"मग मला का नाही विचारलंत कधी?"

"विचारायलाच आले," भाभी म्हणाल्या. "पंधरा किलोमीटर."

मी घासलेलंच ताट पुन्हा घासायला लागलो. त्यांनी ते माझ्याकडून घेऊन नळाखाली धरलं. "आयेशाला मी घरी गेल्यावर सांगेन. ती निम्मं म्हणणार नाही."

"भाभी, तो या वेळी काय सांगणार होता?"

त्यांनी परात पुसून पालथी घातली. "मला वाटलं, ते तुम्हाला माहीत असेल."

तर हा माझा प्रश्न, रशीद. तू काय सांगणार होतास? जे झालं ते? की माझीच थाप, तुझ्या तोंडून, भाभींच्या समोर, म्हणजे थापेवर कायमचा शिक्का? की तुला फक्त मला सहा दिवस जेवू द्यायचं नव्हतं? मी सगळं धरून बघितलं, दोन्ही पारड्यांत घालून बघितलं. दर वेळी काटा वेगळीकडे जातो. काटे बघणारा माणूस तर गेला. आणि तुझ्यावर मी रागावलोय की तुझा जन्माचा ऋणी आहे, तेही मला धड ठरवता येत नाहीये. डावा पाय कुठे ठेवू, ते सांगायला खाली कुणी नाही.

निघताना भाभींनी रोटांतला सगळ्यात जाड माझ्या हातावर ठेवला. त्यांना तात्यानं रिक्षात बसवून दिलं. परतीला नियम नाही. मी चालत निघालो. वाटेत दोनदा कठड्यावर बसलो. रोट मोडला, अर्धा खाल्ला. दुसरा अर्धा कुणाला द्यायचा ते कळेना, तो पुन्हा पुडीत बांधला.

ऊन उतरता उतरता घरी पोचलो. सुमननं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, पुडीकडे बघितलं आणि विचारलं, "किती चाललात?"

"दहा किलोमीटर," मी म्हणालो.

आणि बूट न काढता, कानोसा घेत दारातच थांबून राहिलो.